अन्साबाईंचं तोंड

रोज पस्तीस पोरींचा स्वयंपाक अन्साबाई करायच्या आणि त्यातला एक घासही त्यांच्या तोंडात जात नसे. अमरावतीच्या राजापेठेतल्या त्या वसतिगृहात मी सुपरिंटेंडेंट म्हणून रुजू झाले, तेव्हा हे माझ्या लक्षात यायला चार दिवस लागले. पोरी जेवून उठल्या की अन्साबाई फळीवरून पितळेची वाटी खाली घ्यायच्या. तीत सकाळीच ताकात कुस्करून ठेवलेली ज्वारीची भाकर असायची, गार, पांढरीफटक, मिरचीचा कण नसलेली. भिंतीकडे तोंड करून, एका बाजूच्या दाढेनं, त्या ती सावकाश खायच्या.

मी विचारलं, "अन्साबाई, भाजी नाही घेत?"

"माह्या तोंडाले सोसत नाई."

"म्हणजे काय होतं?"

"आग होते. तुमी जेवा बाई, थंडं होऊन राहिलं."

तेवढ्यावर विषय संपला. तो विषय त्या कायम तेवढ्यावरच संपवायच्या.

मी साताऱ्याकडची. वऱ्हाड तेव्हा नागपूरच्या कारभाराखाली होता, आणि आमच्याकडच्या माणसांना तो परदेशच वाटे. आईनं निघताना सांगितलं होतं, तिकडची बोली रांगडी असते, मनाला लावून घेऊ नकोस. तरी पहिल्याच दिवशी मी लावून घेतलं. टांग्यातून उतरले, ट्रंक खाली ठेवली, तर दारात उभी असलेली ही उंच, काळीसावळी बाई मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाली, "तुमी एवढ्या बारीक काहून? तिकडे खायले भेटत नव्हतं काय?" मग ट्रंक स्वतः उचलून आत घेऊन गेली. हा प्रश्न त्या येणाऱ्या प्रत्येकाला विचारत, हे मला नंतर कळलं. शाळा तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरसाहेबांनाही त्यांनी तो विचारला होता.

त्यांचं माहेर अकोल्याजवळचं, मळेवाल्यांचं. नवरा अकोल्याच्या एका कापसाच्या जिनात कामाला गेला आणि तिथंच त्यानं दुसरं घर केलं. मूलबाळ नव्हतं. यापेक्षा जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही खोदलं नाही. हसताना त्या पदर तोंडावर धरायच्या. आम्हाला तो जुन्या बायकांचा लाजरेपणा वाटे. पण बोलताना लाज म्हणून काही नसे.

न चाखता त्या स्वयंपाक करायच्या कशा, हे मी कितीदा उभी राहून पाहिलं. मीठ मुठीनं घ्यायचं, तळहातावर जरा हलवायचं, आणि हात पातेल्यावर फिरवायचा. फोडणी झाली की नाही हे तडतडीवरून ठरायचं. वांग्याच्या रश्शावर तेल कसं सुटलंय ते वाकून बघायच्या, आणि वाफेवर हात धरून हात नाकाशी न्यायच्या. शेवटी एका पोरीला हाक. रोज एक वेगळी. तिच्या तळहातावर थेंबभर रस्सा पडायचा.

"मीठ सांग."

"बरोबर आहे."

"बरोबर म्हंजे कसं? कालच्यासारखं का परवासारखं?"

परवा कमी झालं होतं, हे त्यांना पोरींच्या ताटांवरून कळलेलं असायचं. चाखायला मिळावं म्हणून पोरींत भांडणं होत. त्यांच्या हातचा ठेचा खाऊन माझ्या कानांतून वाफा निघायच्या. तो वाटताना त्या पाट्यापासून मान लांब धरायच्या, धूर यावा तशी.

स्वतःच्या तोंडाविषयी गप्प असणाऱ्या या बाईंचं लक्ष मात्र सगळ्यांच्या तोंडाकडे. वाढताना त्या मुलींच्या डोळ्यांकडे बघायच्या नाहीत, ओठांकडे बघायच्या. "जीभ काढ," म्हणायच्या. पोरगी ताट हातात धरून जीभ काढायची. "पानी पेत नाई तू. जा, दोन पेले पेऊन ये." परीक्षेच्या दिवसांत पोरींची तोंडं यायची, जिभेच्या कडेला बारीक पांढरे फोड, पाणी गिळायचं म्हटलं तरी डोळ्यांत पाणी. अन्साबाई त्यांना तूप लावायला सांगायच्या, मीठ घातलेल्या कोमट पाण्याच्या चुळा द्यायच्या, आणि त्यांच्यापुरती भाजी तिखट घालायच्या आधी काढून ठेवायच्या. "चार-आठ दिवसाचं हाय," म्हणायच्या. "आपोआप जाते. रडू नोको, रडल्यानं मिटत नाई."

एका पावसाळ्यात त्यांनी मला कोठीत बोलावलं आणि म्हणाल्या, "बाई, पोरीइचे ओठ पाह्यले काय तुमी?" मी पाहिले नव्हते. जेवणाच्या वेळी पाहिलं तर दहाबारा जणींच्या ओठांच्या कडा चिरलेल्या, जिभा सोलल्यासारख्या लाल आणि गुळगुळीत. त्या वर्षी ज्वारी महागली म्हणून कमिटीनं गिरणीचा पांढरा तांदूळ लावला होता, आणि ताक बंद केलं होतं. अन्साबाईंना जीवनसत्त्व हा शब्द माहीत नव्हता. पण त्यांचं म्हणणं सरळ होतं. "भाकर होती तवा हे नव्हतं. ताक होतं तवा हे नव्हतं." मी त्यांच्या सांगण्यावरून कमिटीला पत्र लिहिलं. भाकर परत आली, ताक आलं, शेंगदाणे आले, आठवड्यातून दोनदा मोड आलेली मटकी आली. महिनाभरात पोरींचे ओठ मिटले. कमिटीनं माझे आभार मानले. मी ते ठेवून घेतले, हे आज सांगायला हरकत नाही.

धामणगावच्या एका अडत्याची कमळ नावाची मुलगी होती. तिच्या जिभेवर तांबडे पट्टे असायचे, त्यांना पांढरी किनार, आणि गंमत म्हणजे ते आठवड्याला जागा बदलायचे. बाकीच्या मुलींनी तिचा लोटा वेगळा केला. ती ओंजळीनं पाणी पिते हे आधी अन्साबाईंनी पाहिलं. तिला हाताला धरून माझ्यासमोर उभी केली आणि म्हणाल्या, "हिले डाक्तरनीकडे न्या."

बायकांच्या दवाखान्यात डॉक्टर सलोमीबाई होत्या. बोलणं तुटक, हात मऊ. त्यांनी कमळची जीभ पाहिली आणि हसल्या. "नकाशा आहे. काहींच्या जिभेवर असतो. आज इथे, उद्या तिथे. आंबट-तिखट जरा झोंबेल. औषध नको, आणि कुणाचं कुणाला लागत नाही."

त्या दिवशी पंगतीत अन्साबाईंनी कमळचा लोटा उचलला आणि सगळ्यांदेखत त्यातलं पाणी घटाघटा प्यायल्या. "फिरस्ती जीभ हाय तिची," म्हणाल्या. "फिरते तं फिरू द्या. तुमच्या घरी मुक्कामाले येत नाई." पुन्हा कुणी लोटा वेगळा केला नाही.

मी संधी साधून म्हटलं, "अन्साबाई, तुम्हीही एकदा दाखवा ना डॉक्टरीणबाईंना."

"माह्यं राहू द्या," त्या म्हणाल्या, आणि चुलीत फुंकर घालायला वळल्या. चूल चांगली पेटलेली होती.

पुढल्या उन्हाळ्यात ते झालं. एका मुलीची आई भेटायला आली होती. दुपारी परसातल्या हौदापाशी अन्साबाई तुरटीच्या पाण्यानं चूळ भरत होत्या. दुखणं बळावलं होतं, तोंड उघडं ठेवून त्या वारा घेत होत्या. त्या बाईंना गालाच्या आतला पांढरेपणा दिसला. संध्याकाळपर्यंत पोरीचे वडील सेक्रेटरींच्या घरी पोचले होते. शब्द एकच होता, गरमी, बाहेरख्यालीपणातून लागणारा रोग. नवऱ्यानं टाकलेल्या बाईच्या तोंडात पांढरं दिसलं, ती केलेलं चाखत नाही, हसताना तोंड झाकते. सगळं त्या एका शब्दात बसवून झालं होतं.

सेक्रेटरी आबासाहेब वकील. माणूस वाईट नव्हता. शेतकऱ्यांच्या मुली शिकाव्यात म्हणून गावोगाव फिरून त्यांनीच हे वसतिगृह उभं केलं होतं. बापांनी मुली काढून नेल्या तर सगळं बसेल, ही त्यांची भीती खरी होती. खालच्या ओठाच्या डाव्या बाजूला तंबाखू-चुन्याची चिमूट धरून ते मीटिंगमध्ये म्हणाले, "बाईला महिन्याभराचा पगार द्यावा आणि मोकळं करावं. चर्चा नको." मग माझ्याकडे वळले. "सुपरिंटेंडेंटबाई, तुमचं मत?"

मी म्हटलं, "कमिटी ठरवील ते."

कमिटीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी, आधी डॉक्टरणीला दाखवू, असा आग्रह धरला म्हणून निर्णय चार दिवस लांबला. ते म्हातारे नसते तर त्याच दिवशी अन्साबाईंचं बोचकं बाहेर गेलं असतं, आणि माझी सही त्यावर असती.

दुसऱ्या दुपारी मी स्वयंपाकघरात गेले. त्या तूर निवडत बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तुमी गप बसल्या व्हत्या म्हने."

"हो."

"नवी नोकरी हाय. बसा लागते."

त्यांनी रागानं म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी म्हटलं, "डॉक्टरीणबाईंना दाखवा. खोटं आहे ते एका मिनिटात कळेल."

त्यांचा हात सुपात थांबला. पहिल्यांदाच मी त्यांचा आवाज इतका खाली गेलेला ऐकला. "आन् खरंच तेच निघालं तं? बाई, तो अकोल्याले कुठं कुठं जाये मले ठाव हाय. माह्या तोंडात हे त्यानं टाकल्यावर दोन वर्सानं आलं. पंधरा वर्सं झाले. मी कोनाच्या लोट्याले तोंड लावत नाई, कोनाच्या लेकराचा मुका घेत नाई. मी चाखत नाई ते काय आगीपाईच नाई चाखत?"

कमळचा लोटा मला आठवला. त्यांनाही तो आठवला असावा. "त्या दिवशी मी वरून पेली," त्या म्हणाल्या. "लोट्याले ओठ लागू देल्ले नाई." आणि पुन्हा तूर निवडू लागल्या.

तपासणीच्या दिवशी वसतिगृहाच्या ऑफिसात कमिटीचे तिघे, सलोमीबाई, मी आणि दाराशी अन्साबाई. अन्साबाई नवं लुगडं नेसल्या होत्या, घर सोडून जायची तयारी असावी तसं. आबासाहेब म्हणाले, "चला, दाखवा तोंड."

"दाखवतो," अन्साबाई म्हणाल्या. "पन पयले तुमी दाखवा. तोंडाचा रोग पाहाचा असन तं समद्याइचं तोंड पाहा. ह्या पोरी तुमच्याइ घरी जेवाले येतेत सणावाराले."

आबासाहेब चिडले. सलोमीबाई चिडल्या नाहीत. पिशवीतून चमचा काढत त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. माझा अर्धा तास गेलाच आहे. बसा खिडकीशी."

म्हातारे गृहस्थ आधी बसले. त्यांना दातच नव्हते. दुसरे झाले. मग आबासाहेब, नाइलाजानं, चिमूट थुंकून. सलोमीबाईंनी त्यांचा खालचा ओठ बाहेर ओढला. चमच्याच्या दांड्यानं एक जागा घासून पाहिली. मग बोटानं दाबली.

"इथे तंबाखू किती वर्षं ठेवता?"

"झाली असतील वीस-पंचवीस."

"हा पांढरा जाड डाग पुसून जात नाही. मध्ये एक जागा कडक लागते. तंबाखू आजपासून बंद, चुनाही. आणि पुढल्या आठवड्यात नागपूरला जाऊन हा कापून काढायचा. मी चिठ्ठी देते."

"दुखत तर नाही काही."

"म्हणूनच जायचं," सलोमीबाई म्हणाल्या.

जिंकल्याचा भाव अन्साबाईंच्या चेहऱ्यावर मी शोधला, नव्हता. त्या पुढे येऊन स्टुलावर बसल्या, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

सलोमीबाईंनी फार वेळ पाहिलं. गाल आतून दोन्हीकडून उलटून पाहिला, जीभ उचलून पाहिली. मग हात पुसत म्हणाल्या, "दोन्ही गालांत सारखीच पांढऱ्या रेघांची जाळी आहे, मधेमधे लाल झालंय. कातडीला रोग होतात तसा तोंडाच्या आतल्या अस्तराला हा होतो. कशानं होतो ते आम्हालाही नीट माहीत नाही. कुणाला लागत नाही. पुरता जाईल असं सांगत नाही, कधी कमी होईल, कधी वाढेल. तिखट आणि गरम टाळता ते बरोबर करता. एखादी जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर मात्र लगेच यायचं."

अन्साबाईंनी डोळे उघडले. "ते नाई?"

सलोमीबाईंना कळलं. पुरुषांना त्यांनी बाहेर जायला सांगितलं. "मला तसं दिसत नाही. पण माझ्या शब्दावर तुम्हाला झोप येणार नाही. रक्त घेते, नागपूरला पाठवते."

उत्तर यायला जवळजवळ महिना लागला; तोवर बाईला काढायची गोष्ट कमिटीत पुन्हा कुणी काढली नाही. मी पाकीट घेऊन स्वयंपाकघरात गेले. कागद इंग्रजीत होता. मी मराठीत सांगितलं, रक्तात काही नाही, स्वच्छ आहे. त्या म्हणाल्या, "त्याइनं जसं लिवलं तसं वाचा." मी इंग्रजीत वाचलं. "अजून एकडाव." मी पुन्हा वाचलं. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, पण मान अशी हलत होती की प्रत्येक शब्द त्या मोजून आत घेतायत. मग त्या पाटावर बसल्या आणि बसून राहिल्या. त्या दिवशी वरण बुडाला लागलं. मी तिथं होते त्या सगळ्या वर्षांत एवढ्या एकाच दिवशी.

त्या संध्याकाळी धाकट्या पोरींतली एक नेहमीप्रमाणे मीठ सांगायला आली. अन्साबाईंनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि गालाचा मुका घेतला. पोरगी गाल पुसत पळाली.

आबासाहेब नागपूरहून परतले ते ओठात टाके घेऊन. डाग वेळेत निघाला होता, पण आठ दिवस पेजेवर काढून माणूस निम्मा झाला होता. एका दुपारी कोर्टाच्या मधल्या सुट्टीत ते कोठी तपासायच्या निमित्तानं मागल्या दारानं आले. पोती बघितली, डबे बघितले. मग अन्साबाईंना म्हणाले, "तुम्ही जेवता काय?"

अन्साबाईंनी आपली वाटी काढली, त्यातली अर्धी भाकर दुसऱ्या वाटीत काढून त्यांच्यापुढे ठेवली. "गार खा. उजव्या दाढेनं खा. घाई करू नोका. पिकलं केयं कुस्करून घ्या, दुधात साखर नोका घालू, झोंबते. घरी सांगजा, फोडणीत मिरची घालाच्या आधी तुमचं काढून ठेवा म्हना."

त्यानंतर जवळजवळ दीड महिना आबासाहेब रोज दुपारी यायचे. मी हिशेबाच्या वह्या घेऊन शेजारच्या खोलीत असायची, तिथून दिसायचं. ते ज्वारीच्या पोत्यावर, अन्साबाई उंबऱ्याशी पाटावर, दोघांच्या हातात वाट्या, दोघंही सावकाश चावतायत. ज्या बाईला ते काढायला निघाले होते तिच्याकडून ते जेवायला शिकत होते. एकदा त्यांनी सुरुवात केली, "अन्साबाई, त्या मीटिंगमध्ये मी..."

"खातानी बोलू नोका," त्या म्हणाल्या. "टाका ताणते."

पुढे टाके निघाले, तरी ते वाक्य काही पुरं झालं नाही. तंबाखू मात्र सुटली. चिमटीत काहीतरी हवं म्हणून ते बडीशेप बाळगू लागले, आणि युक्तिवाद करताना उगाच खालच्या ओठाला बोट लावून बघायचे.

मी अमरावती सोडली. लग्न झालं, नागपूरला गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परीक्षक म्हणून अकोल्याला जायचा योग आला, तेव्हा काम आटोपून एका दुपारी जुन्या शहरात अन्साबाईंना शोधून काढलं. काम सोडून त्या भाच्याकडे राहायला आल्या होत्या. वाळल्या होत्या, पण पाठ ताठ होती. मला पाहून म्हणाल्या, "आता बऱ्या भरल्या तुमी." तोंडाचं विचारलं तर म्हणाल्या, "असते. कधी आठवन देते, कधी देत नाई. इथल्या डाक्तरनीले वर्साले एकडाव दाखवून येतो. ते म्हनते, अजून तशीच हाय जाळी." हे सांगताना त्या हसल्या. पदर खांद्यावरच होता.

गाडीची वेळ झाली. नको म्हणत असताना त्या माझ्याबरोबर टांग्यात चढल्या, स्टेशनपर्यंत येते म्हणाल्या. मोर्णा नदीचा पूल ओलांडेपर्यंत मला त्या पोरींची नावं एकेक करून विचारत होत्या, कोण कुठं दिली, कुणाला किती लेकरं. कमळ मास्तरीण झाली हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

भाजीबाजाराच्या कोपऱ्यावर गर्दीमुळं टांगा हळू झाला. एक बाई टोपलीत चिवळीची पालेभाजी घेऊन बसली होती, बारीक पानांची, ओली, त्या उन्हाळ्यातली पहिलीच असावी. अन्साबाई बोलता बोलता थांबल्या.

"थांब रे बापा," त्यांनी टांगेवाल्याला सांगितलं, आणि मला म्हणाल्या, "जा तुमी. गाडी चुकन. ही संध्याकायपर्यंत राहात नाई."

आणि उतरल्या. मी मान वळवून बघत राहिले. त्या टोपलीपुढं उकिडव्या बसल्या होत्या, जुडी उलटी करून मुळं बघत होत्या, आणि चिवळवालीला काहीतरी ठणकावून सांगत होत्या. चिवळवाली हसत होती. टांगा वळला, तरी अन्साबाईंनी वर पाहिलं नाही.